वासरांची हगवण, इंटर्नचे जुलाब आणि दारातली सॅनिटायझरची बाटली

सकाळी सातला फोन. "डॉक्टर, कॉक्सीचं औषध झालं, सल्फा झालं, दोन प्रकारची अँटिबायोटिक झाली, तरी वासरं पातळच हगतायत. आता काय देऊ?" (कॉक्सी म्हणजे आयमेरिया नावाच्या आतड्यातल्या परजीवीची हगवण.) मी म्हटलं आधी वय सांगा. तर सगळी आठ ते चौदा दिवसांची. तिथेच अर्धं उत्तर डोक्यात आलं होतं खरं तर, पण फोनवर एक प्रश्न विचारायचा राहिला आणि तो राहिल्यामुळे पुढचे तीन दिवस फुकट गेले. त्याबद्दल पुढे.

आधीच सांगतो, ओळख पटू नये म्हणून दोन-तीन गोठ्यांवरचे अनुभव एकत्र करून हे लिहितोय, त्यामुळे इथले गोठ्याचे आकडे साधारण समजा. रोगाबद्दलची, म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम (पुढे नुसतं क्रिप्टो) या आतड्यातल्या परजीवीच्या हगवणीबद्दलची, माहिती मात्र जशी आहे तशीच.

तर गोठा म्हणजे १२० च्या आसपास दुभत्या गाई, मालक शिकलेला, रेकॉर्ड नीट ठेवणारा. सहा आठवड्यांत २६ गाई व्यायल्या. पहिली आठ वासरं टणटणीत. नंतरच्या १८ पैकी १५ ना हगवण लागली आणि तीन मेली. मालकाचं म्हणणं, "पहिल्यांना काही झालं नाही म्हणजे गोठ्यात रोग नाही, नंतर कुठून तरी बाहेरून आला." हा विचार सगळेच करतात आणि इथेच फसतात. पहिली वासरं स्वच्छ जागेत येतात, त्यातलं एखादं थोडं बाधित होऊन शेणातून परजीवी टाकायला लागतं, त्याच कप्प्यात पुढचं येतं, त्याच्या पुढचं येतं, आणि चौथ्या आठवड्यापर्यंत जागा इतकी भरलेली असते की नवीन वासरू पहिला घोट घ्यायच्या आधीच तोंडात घेऊन बसलेलं असतं. व्यायचा हंगाम एकत्र आला की शेवटची वासरं पहिल्यांची किंमत मोजतात.

मी गेलो तेव्हा सगळ्यात वाईट अवस्थेतलं वासरू अंगाची मोळी करून पडलेलं. शेपटीला आणि मागच्या पायांना पिवळट हिरवं, शेंबडासारखं चिकट वाळून बसलेलं. थर्मामीटर ३७.४. वासराला साधारण ३८.५ ते ३९.५ असायला पाहिजे, म्हणजे ताप तर सोडाच, ते गार पडत चाललेलं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर पाच-सहा सेकंद तशीच उभी, डोळा आणि पापणीच्या मधे सरळ फट दिसतेय. तोंडात बोट घातलं, तोंड गार, चोखायची ताकद जवळजवळ नाही. माझा अंदाज आठ टक्क्यांच्या वर पाणी गेलेलं, म्हणजे ४० किलोच्या वासराचं तीन लिटरच्याही वर, आणि हे फक्त तूट भरायला, रोजचं लागणारं आणि वाहून जाणारं वेगळं. अशाला तोंडाने ओआरएस पाजत बसण्यात अर्थ नाही, शिरेतून सलाईन आणि सोबत बायकार्बोनेट, कारण रक्त आंबट झालेलं असतं आणि न चोखण्यामागे तेच निम्मं कारण असतं. तासाभरात मान उचलली. दुपारी चोखायला लागलं.

पण बाकीच्यांचं दूध दोन दिवस बंद! विचारलं तर म्हणे पोटाला आराम. ही सवय कधी जाणार देव जाणे. हगवणीतलं वासरू आतड्यातून आधीच अर्धवट शोषतंय, त्यात दूध बंद केलं की ते रोगाने नाही तर उपासाने मरतं. दूध चालूच ठेवायचं, थोडं थोडं जास्त वेळा, आणि मधल्या वेळेत ओआरएस वेगळं. मेलेल्या तिघांपैकी निदान एक तरी उपाशी मेलं असं माझं मत आहे, मालकाला हे ऐकून वाईट वाटलं पण सांगायला पाहिजेच होतं.

आता निदान. वासरांच्या हगवणीत वय हा सगळ्यात स्वस्त क्लू आहे. पहिल्या तीन-चार दिवसांत असेल तर ई. कोलाय. साधारण पाच दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत रोटा आणि कोरोना हे विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम. कॉक्सी म्हणजे आयमेरिया हे साधारण तीन आठवड्यांच्या आत दिसतच नाही, कारण त्याचं चक्र पूर्ण व्हायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणजे आठ दिवसांच्या वासराला कॉक्सीचं औषध देणं म्हणजे न आलेल्या पाहुण्याला निरोप देणं. आणि क्रिप्टो जरी त्याच मोठ्या घराण्यातला असला तरी ॲम्प्रोलियम या कॉक्सीच्या औषधाला तो जुमानत नाही. या परजीवीची जागाच विचित्र आहे, तो आतड्याच्या पेशीच्या आवरणाखाली शिरतो पण पेशीच्या आतल्या रसात उतरत नाही, उंबरठ्यावरच बसतो. शिवाय त्याच्या नात्यातल्या बऱ्याच परजीवींमधे एक खास अवयव असतो ज्यावर काही औषधं मारा करतात, तो याच्यात नाहीच. म्हणून औषधांची यादी इतकी छोटी आहे.

पाच वासरांचं शेण घेतलं. साधी जंतांची तपासणी करतो तशी नुसती स्लाइड पाहिली तर हाती काही लागत नाही, ऊसिस्ट (शेणातून बाहेर पडणारं परजीवीचं कवचवालं रूप) जेमतेम चार-पाच मायक्रॉनचे, गाईच्या लाल रक्तपेशीपेक्षाही किंचित लहान. ॲसिड-फास्ट स्टेन केला, टीबीसाठी करतात त्याचाच सुधारलेला प्रकार. हिरव्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल गोल ठिपके, आत काळसर दाणे. यीस्टही त्याच आकाराचं असतं पण ते लाल होत नाही, हिरवंच राहतं, नवशिक्यांची इथेच गल्लत होते. पाचपैकी चार स्लाइड अशा भरलेल्या की मोजायची गरज नव्हती. एका वासरात टेस्टच्या पट्टीवर रोटाही निघाला, आणि दोघांत जिआर्डिया या आतड्यातल्याच दुसऱ्या परजीवीचे सिस्ट, म्हणजे कवचवालं रूप. असं मिश्रण नेहमीचंच, एकच गुन्हेगार सापडला की तपास बंद करू नये.

नमुने घेत असताना लक्षात आलं की इंटर्न मुलगी कुठे दिसत नाही. गेल्या वेळी तीच वासरांच्या मागे धावत होती. मी सहज विचारलं. मालक म्हणाले, "ती तीन दिवस रजेवर आहे, पोट बिघडलंय तिचं." मी हातातली बाटली खाली ठेवली. "अजून कोणाचं बिघडलंय?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग वहिनी म्हणाल्या, धाकट्यालाही चार दिवस पाण्यासारखं होतंय, आम्हाला वाटलं पाणी बदललं म्हणून. आणि दूध पाजणारा पोरगा मागून म्हणाला, "मला दहा दिवसांपूर्वी झालं होतं, पण मी आता बरा आहे." बरा आहे म्हणून कुणी मोजलंच नव्हतं त्याला.

हाच तो फोनवर राहिलेला प्रश्न. वासरांच्या हगवणीचा फोन आला की घरात, कामगारांत कुणाला जुलाब आहेत का हे पहिल्या मिनिटाला विचारायचं. मालकाच्या डोक्यात ही दोन वेगळी प्रकरणं होती, एक जनावरांच्या डॉक्टरचं आणि एक माणसांच्या. मी विचारलं असतं तर फोनवरच निदान लहान पोराला गोठ्यातून बाहेर काढलं असतं, पण मी निघालो तिसऱ्या दिवशी, आणि तो तीन दिवस संध्याकाळी वासरांना बाटली पाजत होता.

इंटर्नने स्टूल टेस्ट केली होती. रिपोर्ट: ओव्हा (जंतांची अंडी) नाही, सिस्ट नाही, सगळं नॉर्मल. आणि ती बिचारी त्या नॉर्मलवर विश्वास ठेवून घरी कण्हत पडलेली. लॅबचं चुकलं असं नाही म्हणणार मी, त्यांनी जे मागितलं ते केलं. पण क्रिप्टो हवा असेल तर तसं लिहून द्यावं लागतं, ॲसिड-फास्ट स्टेन किंवा अँटिजेन टेस्ट किंवा पीसीआर, आणि डॉक्टरला सांगावं लागतं की मी वासरांत काम करते. ती हे सांगायला विसरली होती. व्हेटर्नरी शिकणारी मुलगी! परत टेस्ट केली, पॉझिटिव्ह. मुलाचीही पॉझिटिव्ह. पीसीआरमधे वासरू आणि इंटर्न दोन्हीकडे क्रिप्टोची पार्वम ही प्रजाती.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण गुरांमधला प्रत्येक क्रिप्टो माणसाला लागत नाही. दूध तुटायच्या आधीच्या वासरांत मुख्यत्वे पार्वम, आणि माणसाला लागणारा तोच. थोड्या मोठ्या वासरांत बोव्हिस आणि रायने, ते वासरालाही फारसं काही करत नाहीत. मोठ्या गाईंत अँडरसोनी, तो चौथ्या पोटात राहतो, आकाराने मोठा, माणसाच्या दृष्टीने नगण्यच. मालकाने विचारलं, "मग सगळ्या गाई टेस्ट करू?" मी नको म्हटलं, पैसे वासरांच्या कप्प्यांवर घाला. जिआर्डियाचंही तसंच, गुरांत जो गट जास्त सापडतो तो खुरवाल्या जनावरांपुरता, पण ए गट वासरांतही असतो आणि तो माणसात येतो, आणि मायक्रोस्कोपखाली दोन्ही सारखेच दिसतात. कॉक्सीचा आयमेरिया मात्र माणसाला अजिबात लागत नाही, हे ऐकून पोरगा जरा हसला.

आणि वासरातूनच माणसात गेलं असं मी शपथेवर सांगणार नाही, सबटायपिंग, म्हणजे प्रजातीच्या आतला नेमका प्रकार दोन्हीकडे एकच आहे का हे बघणं, केलं नव्हतं. वय, वेळ, प्रजाती सगळं जुळतंय म्हणून मला तसं वाटतं, एवढंच. घाई नको हे सांगायला एक उदाहरण: १९९३ मधे अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टो पसरला, अंदाजे ४ लाखांवर लोक आजारी पडले, संशयितांच्या यादीत गुरांचं शेणही होतं, आणि नंतर जपून ठेवलेल्या नमुन्यांत सापडला तो माणसातला प्रकार.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे पाचला जाऊन नुसता बसलो. काही बोललो नाही, वही घेऊन बघत राहिलो. गोठा दिसायला आरशासारखा. फुटबाथमधे (बूट बुडवायच्या हौदात) क्लोरीन, वास सगळीकडे. वासरांच्या शेडच्या दारात भिंतीवर सॅनिटायझरची बाटली, प्रत्येक जण आत-बाहेर करताना दोन पंप मारतो. मालकाला त्या बाटलीचा अभिमान. आणि नेमकं इथेच सगळं बिनसलेलं. अल्कोहोलने क्रिप्टोचं ऊसिस्ट मरत नाही. नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीननेही मरत नाही, स्विमिंग पूलला असतं तेवढ्या क्लोरीनमधे तो १० दिवसांच्या वर तग धरू शकतो. म्हणजे गोठ्यात जे जे चाललं होतं ते बॅक्टेरियासाठी अगदी बरोबर होतं, कौतुक करावं इतकं बरोबर, फक्त या पाहुण्याला त्याचा पत्ताच नव्हता. उलट सॅनिटायझर असल्यामुळे साबणाने हात धुणं बंद झालं होतं. नळ होता, साबण नव्हता. म्हणजे एका चांगल्या वस्तूने तिच्यापेक्षा चांगली वस्तू हाकलून दिली.

पुढे. पोरगा आधी आजारी वासरांना पाजतो. का, तर "त्यांची काळजी जास्त घ्यायला पाहिजे ना". मग त्याच हातांनी, त्याच बूटांनी नवजातांकडे. चीक पाजायची पोटात घालायची नळी एकच, आजारी वासराला ओआरएस दिलं की बादलीतल्या गार पाण्यात बुचकळली आणि पुढच्याला घातली. सहा वाजता प्रेशरचा पाइप सुरू, शेणाचं धुकं उडतंय, ते शेजारच्या कप्प्यातल्या कोरड्या पेंढ्यावर, निपलवर, पोराच्या तोंडावर. ओलं करून धुतलं आणि ओलंच सोडलं. ऊसिस्टला ओल आवडते, थंड ओलीत तो महिनोन् महिने राहतो, वाळवलं की काही तासांत मरतो. आम्ही त्याला रोज पाणी घालत होतो.

आणि इंटर्न काय करायची हे पोराने करून दाखवलं. चोखत नसलेल्या वासराला अंगठा द्यायचा, तो चोखायला लागला की हळूच निपल सरकवायचं. सुंदर पद्धत, मीही तशीच शिकलो. पण मग त्याच हाताने खिशातून मोबाइल काढून वासराचा फोटो, आणि जाताना दोन पंप सॅनिटायझर. हात तिच्या मते स्वच्छ, मोबाइल तर कुणीच धूत नाही. हे लिहिताना आठवलं की आदल्या दिवशी नमुने घेताना ग्लोव्ह न काढता मीही फोन उचलला होता. म्हणजे बघा.

एवढ्याशाने होतं का असं मालकाने विचारलं. तर हिशोब असा. आजारी वासराच्या एक ग्रॅम शेणात दहा लाख, कधी कोटीच्या घरात ऊसिस्ट असतात, आणि ते बाहेर पडतानाच तयार असतात, कॉक्सीसारखं बाहेर दोन-चार दिवस पिकावं लागत नाही. १९९५ मधे निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासात निम्म्या लोकांना बाधा व्हायला साधारण १३२ ऊसिस्ट पुरले. आता अंगठ्याच्या नखाखाली किती शेण राहतं ते तुम्हीच बघा. शिवाय त्यातले काही पातळ कवचाचे ऊसिस्ट त्याच आतड्यात फुटून परत चक्र सुरू करतात, म्हणून थोडक्यात सुरू झालेलं वाढत जातं.

मग घरातला खरा घोर निघाला. मालकाच्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट झालेलं, इम्युनिटी दाबायच्या गोळ्या चालू, आणि तो रोज संध्याकाळी शेडमधे खुर्ची टाकून बसतो. धडधाकट माणसाला हा रोग एक-दोन आठवडे पिळतो आणि सोडतो, पण ज्याची इम्युनिटी दाबलेली आहे किंवा एचआयव्हीमुळे फार खाली गेलीये त्याला तो महिनोन् महिने सोडत नाही, जीवावरही बेततं. भावाला त्या दिवसापासून शेड बंद. तो चिडला, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या डॉक्टरला कळवायला लावलं, त्याची टेस्ट निगेटिव्ह आली, मला त्या रात्री नीट झोप लागली. मुलाचं औषध त्याच्या डॉक्टरने ठरवलं, माणसांसाठी नायटाझॉक्सानाइड आहे पण ते कुणाला द्यायचं हे सांगणं माझं काम नाही. इंटर्न नुसत्या पाण्या-क्षारांवर नवव्या दिवशी उभी राहिली. बरं वाटलं तरी पुढे काही दिवस ते शौचातून पडत राहतं, म्हणून घरातलं टॉयलेट, टॉवेल, हात, सगळ्यांना सांगून ठेवलं आणि पोहायला दोन आठवडे बंदी. घरात कच्चं दूध प्यायची सवय होती ती बंद करायला लावली, दुधात शेणाचा शिंतोडा पडतोच, उकळलं किंवा पाश्चराइज केलं की ऊसिस्ट मरतो.

वासरांकडे आलो तर अँटिबायोटिक बंद, फक्त ज्याला ताप किंवा शेणात रक्त त्यालाच. चीक तपासला, रिफ्रॅक्टोमीटरवर (चिकाचा दाटपणा ब्रिक्समधे मोजायचं उपकरण) बहुतेकांचा २२ ब्रिक्सच्या वर, म्हणजे चांगला. मालक म्हणाला मग चीक वाया गेला म्हणायचा. वाया नाही, चीक क्रिप्टोला फारसा अडवत नाही पण सोबतच्या बाकीच्यांना अडवतो, नाहीतर तीनच्या जागी आठ मेली असती. नवीन जन्मणाऱ्यांना हॅलोफ्युजिनोन हे क्रिप्टोवरचं औषध सुरू केलं, पहिल्या २४ ते ४८ तासांत, सात दिवस, दूध पाजल्यावरच, वजन करून. वजन करून हे तीनदा सांगितलं कारण दुप्पट डोसलाच विषबाधा सुरू होते आणि तिची लक्षणं म्हणजे परत हगवणच, मग वाटतं औषध कमी पडलं म्हणून अजून देतात. तरी पोराने एकाला उपाशी पोटी दिलंच, ते वासरू दिवसभर मलूल होतं, वाचलं. पाणी सुटलेल्या, आधीच खंगलेल्या वासराला हे द्यायचं नाही. आणि याने रोग जात नाही, उशिरा येतो आणि शेणातून पडणारं कमी होतं, एवढंच. मालकाला लस हवी होती, गाभण गाईला टोचून चिकातून वासराला संरक्षण देणारी लस २०२३ मधे युरोपात मंजूर झाली आहे, पण ती तुमच्याकडे मिळते का ते बघावं लागेल आणि तीही चीक वेळेत पाजला तरच कामाची.

सफाईचा क्रम पूर्ण उलटा केला. आधी कोरडं खरवडून काढायचं, प्रेशर पाइप वासरं आत असताना बंद, मग वाफ किंवा कडकडीत गरम पाणी, मग हायड्रोजन पेरॉक्साइडवालं जंतुनाशक, आणि मग खडखडीत वाळू द्यायचं. नवजात आधी, आजारी शेवटी. नळ्या दोन, एकीवर लाल टेप. सॅनिटायझरची बाटली मी काढायला लावली, मालकाचा चेहरा पडला, तिथे साबण आणि पाय मारून चालू होणारा नळ बसवला. मोबाइल बाहेर फळीवर.

पुढच्या १२ वासरांपैकी पाच पातळ हगली, पण आठव्याऐवजी बाराव्या-तेराव्या दिवशी, आणि एकही मेलं नाही. माणसांत नवीन केस नाही. हे सगळं आमच्या उपायांनी झालं असं मी म्हणत नाही, तोपर्यंत व्यायचा जोरही ओसरला होता आणि कप्प्यांवरची गर्दी आपोआप कमी झाली होती, त्याचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही.

शेवटच्या फेरीत सोळा दिवसांच्या एका धडधाकट वासराचं शेण घेतलं, शेण घट्ट बांधलेलं, वरून काही दिसत नव्हतं. स्लाइडवर चार-पाच गुलाबी ठिपके होतेच. कप्पे दोन आठवडे रिकामे ठेवायचे ठरलंय पण पुढच्या महिन्यात परत नऊ गाई व्यायच्यात आणि रिकामे कप्पे सहाच आहेत, उरलेली तीन वासरं कुठे ठेवायची यावर मालकाचं आणि माझं अजून जमलेलं नाही.